कॅमेऱ्याचा विमा: हप्ता शेवटी विचारा, चोरीचं कलम आधी वाचा

हप्ता किती बसतो, हे सगळ्यात शेवटी विचारायचं. आधी विचारायचं ते हे, की कॅमेरा नेमका कसा गेला तर पैसे मिळतील. आपल्याकडे उलटं चालतं. तुळशीचं लग्न लागलं की जळगाव-धुळ्याचे फोटोग्राफर सगळ्यात स्वस्त पॉलिसी कुणाची, हेच एकमेकांना विचारत बसतात.

यादी करा. बॉडी, लेन्स, फ्लॅश, गिंबल, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि समोर सिरियल नंबर. ‘कॅमेरा व इतर साहित्य’ असं एका ओळीत उरकू नका. बिलांचे फोटो स्वतःलाच ईमेल करून ठेवा, कारण बॅगेच्या कप्प्यातली बिलं बॅगेसोबतच जातात. सेकंडहँड लेन्स असेल तर विकणाऱ्याकडून सिरियल नंबरसह सही केलेली पावती घ्या, पैसे बँकेतून द्या, आणि कंपनीला हे चालतं का ते पॉलिसी घेण्याआधीच विचारा.

पॉलिसी कोणती? घरगुती विम्यात धंद्याचा कॅमेरा सहसा बसत नाही. दुकानाच्या पॉलिसीत स्टुडिओतलं सामान येतं, पण ते वऱ्हाडाच्या गाडीत चढलं की विषय संपतो. बाहेर नेण्याच्या सामानाचा भाग वेगळा घ्यावा लागतो. आपल्या कामाची ती ‘ऑल रिस्क’ पॉलिसी, म्हणजे अटींत वगळलेलं सोडून बाकी नुकसान धरणारी, आणि तीही भारतभर लागू असलेली. शिरपूरची पार्टी प्री-वेडिंगला गोव्याला नेते, तेव्हा हे आठवेल. दुकानदाराने गळ्यात मारलेली वाढीव वॉरंटी म्हणजे चोरीचा विमा नव्हे.

रक्कम कमी लावून हप्ता वाचवू नका. सामान सहा लाखांचं आणि विमा तीन लाखांचा असेल, तर एक लाखाच्या नुकसानीला कंपनी पन्नासच हजार धरते, वर घसारा आणि एक्सेस (क्लेममधला आपण सोसायचा ठरलेला भाग) कापते तो निराळा. नुकसान विम्याच्या रकमेपेक्षा कमी आहे, मग पूर्ण का देत नाही, म्हणून भांडण्यात अर्थ नाही. पॉलिसीत तसं लिहिलेलंच असतं.

आता चोरीचं कलम. इथे घाई करायची नाही.

कंपनीच्या लेखी चोरी दोन तऱ्हेची. एक कुलूप तोडून, काच फोडून, जबरदस्तीने आत शिरून केलेली. दुसरी नुसती उचलून नेलेली. बऱ्याच पॉलिसींत पहिलीच धरलेली असते, आणि लग्नात होते ती बहुतेक दुसरी. लॉन्सवर मंगलाष्टकं चालू आहेत, तुम्ही स्टेजवर आहात, बॅग मागे खुर्चीखाली. वाऱ्याने सॉफ्टबॉक्स कलंडतोय म्हणून हेल्पर बॅग सोडून स्टँड धरायला धावतो. अक्षता पडल्या, तुम्ही लेन्स बदलायला मागे वळता. “भाऊ, बॅग कोठे शे?” तिथे ना कुलूप तुटलं, ना काच फुटली. अशा पॉलिसीत या बॅगेचा एक रुपयाही मिळत नाही. कोर्टात जाऊन बघू म्हणाल, तर युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगून ठेवलंय की पॉलिसीत बळजबरीची अट असेल तर बळजबरी दिसलीच पाहिजे.

माझा एक क्लेम याच अटीवर लोंबकळला होता. सामान मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीतून गेलं होतं. बिलं, सिरियल नंबर, एफआयआर, सगळं चोख. नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर आला, सभ्य माणूस, आणि कागद बाजूला ठेवून मोबाइलच्या टॉर्चने दाराचा कोयंडा निरखू लागला. स्क्रू उचकटलाय का, लाकडाला ओरखडा आहे का. कोयंडा कोरा करकरीत! कार्यालयाच्या मॅनेजरने सकाळीच सुतार बोलावून नवा ठोकून घेतला होता, पुढच्या पार्टीला तुटकं दार दिसू नये म्हणून. वाकलेल्या कोयंड्याचे फोटो मी रात्रीच काढले होते, त्यावर निभावलं, तेही कंपनीच्या ऑफिसात चपला झिजवल्यावर. तेव्हा काहीही हलवण्याआधी दार, कडी, काच यांचे फोटो काढा. नवरदेवाची वरात थांबली तरी चालेल.

म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीला ईमेलवर विचारा: कुलूप न तोडता झालेली चोरी धरता का? उभ्या गाडीतून गेलं तर? हेल्परनेच नेलं तर? सुरत-नागपूर हायवेवर शेवभाजी खायला थांबायचं आणि बॅग मागच्या सीटवर, हे आपलं नेहमीचंच. गाडी बंद असावी, सामान डिकीत असावं, रात्री गाडीत सोडलेलं नसावं, अशा अटी असतात. एजंट म्हणेल, “सगळं कव्हर आहे भाऊ, टेन्शन नको.” त्याचं बोलणं क्लेमच्या वेळी कामाचं नाही. उत्तर लेखी आलं नाही तर ती पॉलिसी घेऊ नका, हप्ता कितीही गोड असो.

आणि पोलीस ठाण्यात ‘गहाळ’ अशी नोंद घेऊन परत येऊ नका. ठाणे अंमलदाराला ती सोपी पडते, तुमचा क्लेम मात्र तिथेच मेला. चोरीचाच गुन्हा नोंदवा. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि प्रत फुकट मिळते. रेल्वेत गेलं तर भुसावळला लोहमार्ग पोलीस. कंपनीला त्याच दिवशी कळवा.

लेन्समधली बुरशी, हळदीची पूड बसून घासणारी झूम रिंग, मे महिन्याच्या उन्हात हळूहळू खराब झालेली बॅटरी, याचे पैसे मागायला जाऊ नका.

दुसऱ्याचं नुकसान हा वेगळा विमा. लाइटचा स्टँड पाहुण्याच्या डोक्यात पडला, वायरीत अडकून आजीबाई पडल्या, तर पब्लिक लायबिलिटी पॉलिसी लागते. १९९१ च्या कायद्याखालची त्याच नावाची पॉलिसी घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. ती कुणी दाखवली तर एजंट बदला. कार्ड करप्ट होऊन लग्नाचे फोटो गेले आणि पार्टी ग्राहक आयोगात गेली, तर प्रोफेशनल इंडेम्निटी, म्हणजे आपल्या कामातल्या चुकीचा विमा. ही मध्ये खंड पाडून चालत नाही, कारण दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, आणि दावे लग्नानंतर महिनोन् महिने येतात. शिडीवरून हेल्पर पडला तर या दोन्ही उपयोगाच्या नाहीत, त्याला कामगार भरपाईची पॉलिसी. ड्रोन २५० ग्रॅमच्या वर असेल तर ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे.

क्लेम नाकारला, किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तरच आलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. खान्देशासाठी ते पुण्याला बसतात. फी नाही, वकील लागत नाही, एकट्याच्या मालकीच्या स्टुडिओलाही चालतं. पॉलिसी चालू असताना नवी लेन्स घेतली तर ती पॉलिसीत चढवून घ्या, आणि नूतनीकरणाचे पैसे मुदतीच्या आधी भरा. पैसे पोचेपर्यंत कव्हर सुरू होत नाही.