कात्रजला चिमुकल्यांना नेताना

दीड-दोन वर्षांच्या मुलाला कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात नेणार असाल, तर दुपार टाळा आणि सकाळी दार उघडताच आत जा. ऊन चढलं की वाघ सावलीत आडवा होतो, आणि तोवर आपलं पिल्लूही पेंगायला लागतं. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं.

सगळं बघायचा हट्ट मात्र सोडा. आवार सुमारे 130 एकरांचं आहे. मोठ्यांचेही पाय दुखतात. वाघ आणि हरणं, एवढंच ठरवा. हरणांपाशी निवांत थांबा, कारण या वयात हलणारे कान आणि शेपट्याच जास्त भावतात. मध्येच मुंग्यांची रांग दिसली आणि मूल तिथंच उकिडवं बसलं, तर बसू द्या. ओढून पुढे नेऊ नका. त्याच्यासाठी तीही सहलच आहे.

जाताना त्याला चालू द्या, परतताना बॅटरीवरची गाडी मिळाली तर घ्या. निघण्याआधी घरी मऊ वरणभात भरवलेला बरा. पाणी, टोपी आणि कपड्यांचा एक जादा जोड पिशवीत हवाच. झोपेच्या वेळेआधी अर्धा तास बाहेर पडा, म्हणजे रडारड न होता ते स्वारगेटपर्यंत मांडीवरच झोपेल.