निदान न लागलेल्या आजारासाठी यूडीएनकडे अर्ज करताय? या चुका टाळा

वर्षानुवर्षं डॉक्टर बदलले, तपासण्यांचा ढीग साचला, तरी आजाराला नाव मिळत नाही. अशा रुग्णांसाठी अमेरिकेत 'अनडायग्नोज्ड डिसीझेस नेटवर्क' म्हणजे यूडीएन आहे. 2008 साली एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेने बेथेस्डाला सुरू केलेल्या कार्यक्रमातून ते वाढलं. तिथल्या मराठी कुटुंबांनाही याची माहिती असायला हवी.

पहिल्या 20 महिन्यांत यूडीएनकडे 1519 रुग्णांचे अर्ज आले आणि 601 स्वीकारले गेले. तपासणी पूर्ण झालेल्या 382 जणांपैकी 132 जणांचं निदान लागलं. नकार आला म्हणजे त्रास खोटा ठरला, असं अजिबात नाही. त्रास किती आहे यावर निवड होत नाही. आधीच्या डॉक्टरांनी न केलेलं काही इथे करता येईल का आणि त्यासाठी धरून पुढे जावं असा पुरावा आहे का, हे समिती पाहते.

फक्त त्रास सांगणं, मोजमाप न देणं

सर्वात महागात पडणारी चूक हीच. अर्जात किमान एक वस्तुनिष्ठ खूण लागते, म्हणजे डॉक्टरला दिसणारी किंवा यंत्रावर मोजता येणारी गोष्ट. थकवा, अंगदुखी, चक्कर हे खरंच असतं, पण तेवढ्यावर पुढचा शोध कुठून सुरू करायचा ते कळत नाही.

म्हणून लक्षणाला आकडा जोडा. उभं राहिल्यावर चक्कर येते? आडवं असतानाची नाडी आणि रक्तदाब लिहा, मग उभं राहिल्यावर 3 आणि 10 मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा रक्तदाब 3 मिनिटांत 20 ने उतरला, किंवा प्रौढाची नाडी 10 मिनिटांत 30 ने वाढून तशीच राहिली, तर ती नोंद अर्जात बोलते. स्नायू कमजोर वाटत असतील तर सीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी) आणि ईएमजी (स्नायूंमधल्या विद्युत संदेशांची तपासणी) करून घ्या. चाल बिघडली असेल तर समोरून आणि बाजूने व्हिडिओ काढा, पावलं दिसतील असा. मुलांच्या बाबतीत उंची-वजनाबरोबर डोक्याच्या घेराच्या जुन्या नोंदी शोधा. त्या बहुतेक लसीकरणाच्या कार्डावर पडून असतात.

अटॅक ओसरल्यावर रक्त काढणं

मूल मधूनमधून सुस्त पडतं, उलट्या करतं आणि दोन दिवसांत ठणठणीत होतं. मग ओपीडीत रक्त काढलं की सगळं नॉर्मल. चयापचयाच्या काही आजारांत बिघाड फक्त त्या वेळीच रक्तात दिसतो. म्हणून अटॅक चालू असताना, सलाइनमधून ग्लुकोज सुरू होण्याआधी, ग्लुकोज, लॅक्टेट, अमोनिया आणि कीटोन यांचे नमुने घ्यायला सांगा. अटॅकनंतरची पहिली लघवीही जपून ठेवायला सांगा. नमुन्यापायी उपचाराला मात्र उशीर होता कामा नये.

अमोनियाचा नमुना हमखास चुकतो. हाताला पट्टा आवळून, रडणाऱ्या मुलाचं रक्त पिळून काढलं आणि नळी तासभर टेबलावर राहिली, की आकडा खोटा वाढतो. रक्त आपसूक वाहतं घ्यावं, नळी लगेच बर्फात ठेवावी आणि 15 मिनिटांत लॅबमध्ये पोहोचवावी. हा प्रोटोकॉल फॅमिली डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या आणि पाकिटात ठेवा. मध्यरात्री कॅज्युअल्टीत तोंडी सांगून भागत नाही.

डॉक्टरांचं तीन ओळींचं पत्र

'रुग्णाला अनेक तक्रारी आहेत, कृपया तपासावे.' अशा पत्राने काही साधत नाही. एक-दोन पानांत पाच गोष्टी याव्यात: त्रास केव्हा आणि कोणत्या क्रमाने सुरू झाला, तपासणीत काय आढळलं, कोणत्या आजारांची शंका घेऊन ते कशाच्या आधारे बाद केले, कोणत्या औषधाने काय फरक पडला, आणि डॉक्टरांचा स्वतःचा कयास काय. यातली तिसरी बाब बहुतेक पत्रांत नसते आणि समितीला नेमकी तीच हवी असते.

सगळी फाइल जशीच्या तशी स्कॅन करणं

पाचशे पानांत महत्त्वाचं एक पान हरवतं. वर एका पानाची तारीखवार टिपणी लावा, खाली कागद त्याच क्रमाने. एमआरआयचा नुसता रिपोर्ट किंवा फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. सीडीतल्या मूळ डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनच्या मूळ प्रतिमा, द्या. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) कुठे आहेत ते विचारून ठेवा. वर सांगितलेल्या 132 निदानांपैकी 15 निव्वळ क्लिनिकल आढाव्यातून लागली, तेव्हा या मेहनतीत कंटाळा नको.

एक्झोम निगेटिव्ह आला, विषय संपला असं समजणं

एक्झोम म्हणजे जनुकांच्या प्रथिनं बनवणाऱ्या भागांची डीएनए चाचणी. अर्ज स्वीकारलेल्यांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्याचं एक्झोम आधीच झालं होतं. दरवर्षी नवी जनुकं आजारांशी जोडली जातात, त्यामुळे जुनाच डेटा नव्याने वाचला तरी उत्तर निघू शकतं. मात्र त्यासाठी पीडीएफ पुरत नाही. लॅबकडून कच्च्या फाइल्स, म्हणजे फास्टक्यू किंवा बॅम आणि व्हीसीएफ, लेखी मागून घ्या. आई-वडिलांचे नमुने सोबत मिळतील हेही अर्जात लिहा. उलट बाजूची चूक म्हणजे 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' (जनुकातला बदल, पण तो आजाराला कारण आहे की नाही हे ठरलेलं नाही) असा शेरा वाचून तेच निदान म्हणून लिहून टाकणं. तसं लिहिलंत तर 'निदान झालेलं आहे' असा अर्थ निघू शकतो.

घरातलं न सांगणं

मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल, किंवा आजी-आजोबांच्या पिढीत नात्यात लग्न असेल, तर ते स्पष्ट लिहा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. अप्रभावी जनुकांच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार करणाऱ्या जनुकांच्या, शोधाला त्यातूनच दिशा मिळते. तीन पिढ्यांची वंशावळ काढा, दगावलेली बाळं आणि गर्भपातही त्यात घ्या. भस्मं, काढे, गावाकडची पुडी, सगळं सांगा. काही भस्मांतून शिसं अंगात जातं आणि पोटदुखी, रक्तक्षय, मनगट लुळं पडणं असा गूढ वाटणारा त्रास होतो. रक्तातलं शिसं मोजलं की उलगडा होतो.

नकाराचं पत्र फेकून देणं

त्यात पुढे काय तपासावं याच्या सूचना असतील तर त्या आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि त्या तपासण्या करून घ्या. काही नवं आढळलं तर पुन्हा अर्ज करता येतो. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी आधी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जावं. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणातलं ते उत्कृष्टता केंद्र आहे. या धोरणातली 50 लाखांपर्यंतची मदत यादीतल्या आजारांनाच आहे, त्यामुळे निदानाचा कागद हातात येईपर्यंत तिच्यावर हिशेब मांडू नका.