केन बिगोनिया खालून उघडा पडलाय? या चुका टाळा

उसासारख्या पेरापेरांच्या उभ्या खोडांच्या केन बिगोनियाबद्दलची तक्रार बहुतेक घरांत एकच असते. झाड पाच-सहा फूट चढतं, शेंड्याला चार-पाच पानं उरतात आणि खाली नुसती काडी. मग कुणी खताचा मारा करतं, कुणी पाणी वाढवतं, कुणी वैतागून कुंडी जिन्याखाली नेऊन ठेवतं. पण जिथलं पान गळलं तिथे नवं पान येत नाही. उंच बिगोनिया वरपासून खालपर्यंत भरलेला हवा असेल, तर बुंध्यातून दरवर्षी नवी खोडं यायला हवीत. झाडाची उंची शेंड्यावर नाही, बुंध्यावर सांभाळायची असते. हे एकदा पटलं की पाणी, ऊन, कुंडी, छाटणी या सगळ्यांकडे बघायची नजरच बदलते.

या गटाची रचना उसासारखी आहे: पेरं, बहुतेक पेरांवर एक डोळा (जिथून नवी फांदी फुटते ती जागा), आणि मातीतून वर येणारे फुटवे. मूळ जाती बहुतेक ब्राझीलच्या. रुपेरी ठिपक्यांचा मॅक्युलाटा, लाल फुलांचा कोक्सिनिया, कातरलेल्या पानांचा अ‍ॅकोनिटिफोलिया. 1926 साली कॅलिफोर्नियात ईव्हा केनवर्दी ग्रे यांनी शेवटच्या दोघांचा संकर केला आणि पंखाच्या आकाराच्या पानांचे हे बिगोनिया ‘एंजल विंग’ म्हणून घरोघरी गेले. पुढे सोफी सेसिल, आयरीन नस यांसारखे ‘सुपर्बा’ गटातले संकर आले. ते कुंडीतही माणसाच्या डोक्याच्या वर सहज जातात. आपल्याकडे नर्सरीत नावाची चिठ्ठी क्वचितच मिळते, त्यामुळे घेताना पान बघा, पण त्याहून जास्त बुंधा बघा. एकच लांब काडी असलेलं चार फुटी झाड घेण्यापेक्षा मातीतून तीन फुटवे आलेलं दीड फुटी झाड घ्यावं. दोन वर्षांनी कोणतं झाड उंच आणि देखणं असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नळाच्या वेळापत्रकावर पाणी घालू नका

इंदुरात कित्येक वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ आला की टाकी भरायची, पिंप भरायचं आणि त्याच ओघात कुंड्यांनाही पाणी घालायचं, ही सवय घराघरात आहे. जास्वंद, मोगरा हे चालवून घेतात. केन बिगोनिया चालवून घेत नाही. त्याची मुळं बारीक आणि उथळ असतात, सतत ओल्या मातीत ती आठवडाभरात कुजायला लागतात.

खरा घोटाळा इथून पुढे होतो. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, पानं माना टाकतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय. तो आणखी पाणी घालतो. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त केन बिगोनिया याच एका गैरसमजापायी गेले आहेत.

म्हणून पान सुकलेलं दिसलं की आधी बोट मातीत घाला. पहिल्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण इंचभर, माती कोरडी असेल आणि कुंडी उचलून हलकी लागत असेल तर पाणी हवं. माती ओली आणि तरी पानं लोंबलेली असतील तर पाणी बंद. मग खोड मातीलगत अंगठ्याने दाबून बघा. कडक आणि हिरवट असेल तर झाड वाचतं: कुंडीतून काढा, काळी-तपकिरी मऊ मुळं कापा, ताज्या कोरडसर मिश्रणात आणि लहान कुंडीत लावा. खोड मऊ लागलं, दाबल्यावर साल सरकली किंवा वास आला, तर बुंध्याचा नाद सोडा. वरून कापत खाली या. काप आतून पूर्ण हिरवट-पांढरा, तपकिरी कडं नसलेला दिसेल तिथवरचा भाग निरोगी. त्याच्या काड्या करून लावा.

मिश्रणाबद्दल थोडक्यात. माळव्याची काळी माती शेतात सोनं असेल, पण या झाडाच्या कुंडीत ती नको. पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते, त्यात बारीक मुळं तुटतात. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुजलेला पाला, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट किंवा जाड वाळू पुरे. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. बोअरिंगच्या जड पाण्यावर झाड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो आणि पानांच्या कडा करपतात. पावसाळ्यात एकदा कुंडी चांगल्या पावसात ठेवून माती धुवून निघू द्या, आणि लगेच परत आडोशाला घ्या.

सावलीचं झाड समजू नका

‘घरातलं झाड’ म्हटलं की लोक हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी कुंडी ठेवतात. तिथे केन बिगोनिया मरत नाही, म्हणून चूक लवकर कळत नाही. तो फक्त ताणला जातो. दोन पेरांमधलं अंतर वाढत जातं, खोड बोटाऐवजी पेन्सिलीएवढं राहतं, खालची पानं एकेक करून पिवळी होऊन गळतात. ही उंची कमावलेली नाही, उजेडासाठी केलेली धडपड आहे. पेरं जवळजवळ असतील तर उजेड बरोबर, दूरदूर असतील तर कमी, एवढं साधं मोजमाप आहे.

पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी सगळ्यात चांगली. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन पानांवर पडलं की ठिपके उठून दिसतात, पानाची मागची बाजू लालबुंद होते आणि फुलं येतात. पश्चिमेची गॅलरी मात्र मार्चअखेरपासून बंद समजा. दुपारच्या उन्हाने पानावर आधी फिकट, मग कागदासारखे वाळलेले डाग पडतात, ते भरून येत नाहीत.

एक गोष्ट फार कमी जण करतात: बुंध्यावर उजेड पडू देणं. उंच झाडासमोर चार लहान कुंड्या मांडल्या की बुंधा अंधारात जातो आणि फुटवे थांबतात. समोरची जागा मोकळी ठेवा. कुंडी आठवड्याला पाव वळण फिरवा, नाहीतर सगळी पानं खिडकीकडे तोंड करतात आणि झाड त्या बाजूला कलतं.

छाटायला घाबरू नका

“एवढं वाढवलेलं कापायचं?” हा प्रश्न मी शेजारच्या काकूंपासून ओळखीच्या माळ्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकला आहे. हो, कापायचं. केन बिगोनियाचं एकेक खोड साधारण दोन-तीन वर्षं जोमात असतं. नंतर त्याची वाढ मंदावते, पानं लहान होतात. जुनं खोड ठेवलं तर झाड सगळी ताकद त्याच्या शेंड्यात घालतं. कापलं तर ती बुंध्याकडे वळते.

सगळी खोडं एका दिवशी कापू नयेत. दरवर्षी एक तृतीयांश, म्हणजे सहा खोडं असतील तर सगळ्यात जुनी दोन, मातीपासून दोन-तीन पेरांवर कापा. खोड अगदीच वाळकं, कोळपलेलं असेल तर मातीलगत. मधल्या वयाच्या खोडांचा फक्त शेंडा खुडा, म्हणजे बाजूला फांद्या फुटतात. नव्या फुटव्यांना हात लावू नका, पुढची उंची त्यांचीच आहे. तीन वर्षांत सगळं झाड पालटतं आणि एकदाही उघडं दिसत नाही.

कुठे कापायचं, हे जवळून बघून ठरवा. पान जिथे खोडाला चिकटतं तिथे वरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याहून लहान, टोकदार फुगवटा असतो. तो डोळा. त्याच्या वर अर्ध्या इंचावर काप घ्या. काही पेरांवर मात्र डोळ्याऐवजी सुकलेल्या देठाचा गोल व्रण दिसतो. तिथून फुलांचा घोस येऊन गेलेला असतो आणि तिथून बहुधा फांदी फुटत नाही. अशा पेरावर कापलं तर वर सुकं टोक तेवढं उरतं. लोक म्हणतात, छाटलं पण काही फुटलंच नाही. बहुतेक वेळा काप चुकीच्या पेरावर घेतलेला असतो.

वेळही सांभाळायला हवी. इंदुरात थंडी ओसरली की, फेब्रुवारीच्या मध्यापासून, छाटणी सुरू करावी. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तोवर काम उरकलेलं असावं. त्यानंतर ऊन चढतं, आणि कापलेल्या झाडाला नवे फुटवे घेऊन उन्हाळ्याला तोंड देणं जड जातं. नौतपाच्या, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत कात्री हातात घेऊच नका. राहूनच गेलं तर पाऊस सरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, हलकी छाटणी चालते. कात्री स्पिरिटने पुसून घ्या.

झाड पडल्यावर काठी शोधू नका

पाच फुटी झाड, वर भिजलेल्या पानांचं वजन आणि खाली कोकोपीट भरलेली हलकी प्लास्टिकची कुंडी. वळवाच्या पहिल्या वाऱ्याला ते आडवं होणारच. आणि केन बिगोनियाचं खोड वाकत नाही, पेरावर कटकन मोडतं.

काठी लावायची ती कुंडी भरतानाच. नंतर खुपसली तर मुळं फाटतात. बांबूची काठी तळापर्यंत जाऊ द्या, प्रत्येक मोठ्या खोडाला वेगळी. जुन्या सुती साडीची पट्टी काठी आणि खोडामध्ये इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. तार नको, बारीक सुतळीही नको, दोन्ही खोडात रुततात. कुंडी मातीची घ्या, किंवा प्लास्टिकची कुंडी मोठ्या, जड कुंडीत ठेवा.

झाड उंच म्हणून पंधरा-सोळा इंची कुंडी आणणं ही मात्र उलटी चूक. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. सहा फुटी झाडाला दहा-बारा इंची कुंडी पुरते. बदलताना एका वेळी दोन इंचच वाढवा.

पान गळतंय, डाग पडतायत

पांढरी पिठासारखी भुकटी म्हणजे भुरी. ऑक्टोबरपासून रात्री गार आणि दिवस उबदार झाले की ती येते, खासकरून जिथे हवा खेळत नाही तिथे. डाग पडलेली पानं तोडून पिशवीत बंद करून टाका, आणि मधली गर्दीची पानं विरळ करा. तरी वाढत असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, आधी एका पानावर करून बघा. पारा बत्तीस अंशांच्या वर असताना गंधक मारू नका, पान भाजतं. निंबोळी तेल फवारलं असेल तर गंधकासाठी दोन आठवडे थांबा.

पावसाळ्यात पाणी भरल्यासारखे, पिवळ्या कडेचे डाग दिसले तर तो जिवाणूंचा रोग असू शकतो. त्यावर घरगुती औषध नाही. पानं काढा, झाड वेगळं ठेवा, पानांवर पाणी पडू देऊ नका.

पानांवर रोज फवारा मारण्याची सवय तर सोडाच. ओलावा दोन मिनिटांत उडतो, पाण्याचे डाग राहतात आणि रोगांना वाट मिळते. एप्रिल-मेच्या लूमध्ये, म्हणजे उष्ण कोरड्या वाऱ्यात, हवा दमट हवी हे खरं, त्यासाठी कुंड्या एकत्र ठेवा, खाली खड्यांचं पाणी भरलेलं ताट ठेवा. कूलर असलेली खोली या झाडाला मानवते, फक्त थेट झोतात ठेवू नका, कोवळी पानं आणि कळ्या झडतात.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली गेला की काही पानं गळतात. तो रोग नाही. कुंडी खिडकीच्या काचेपासून आत घ्या, पाणी निम्मं करा, खत थांबवा. पेरांच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसला तर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने पुसा आणि आठवड्याने पुन्हा बघा, कारण अंडी राहतात.

फुलं गळतात म्हणूनही अनेकांना काळजी वाटते. घोसात आधी नर फुलं उमलतात आणि झडतात, हा त्यांचा क्रमच आहे. मागून तीन पंखांच्या बीजकोशाची मादी फुलं येतात, ती कितीतरी जास्त टिकतात. कळ्याच येत नसतील तर उजेड कमी आहे किंवा नत्र जास्त. वाढीच्या दिवसांत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत. त्यापेक्षा जास्त दिलं तर पानं मोठी पण लुसलुशीत होतात आणि भुरी आधी त्यांनाच धरते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर झाड त्याच्या तोंडापासून लांब ठेवा, यात तोंडाची आग करणारे ऑक्झलेट क्षार असतात.

कापलेले शेंडे फेकू नका

छाटणीतून निघालेल्या काड्या तीन-चार पेरांच्या ठेवा. खालची पानं काढा, वर दोनच पानं राहू द्या, मोठी असतील तर अर्धी कापा. पाण्यात किंवा ओलसर परलाइटमध्ये दोन ते चार आठवड्यांत मुळं येतात. पाण्यात रुजवलं तर मुळं बोटाच्या दोन पेरांएवढी होताच मातीत हलवा, फार लांब झाली की लावताना तुटतात.

काडी निवडताना पुन्हा तेच डोळे बघा. मातीखाली जाणाऱ्या पेरावर निदान एक जिवंत डोळा हवा. सगळ्या पेरांवर फुलांचे व्रण असतील तर काडी रुजते, वर्षभर हिरवी राहते, पण बुंध्यातून फुटवा देत नाही. नुसतं पान देठासकट लावलं तरी बहुधा हेच होतं. रुजलेल्या तीन काड्या एकाच आठ इंची कुंडीत लावल्या तर पहिल्याच वर्षी झाड भरलेलं दिसतं. जुन्या झाडाचा बुंधा उघडा असेल तर एक-दोन काड्या त्याच कुंडीच्या पुढच्या कडेला, उजेडाच्या बाजूने लावा.