पिगीबॅक की कन्व्हेन्शनल? ट्रान्सप्लांटला नव्याने येणाऱ्या खान्देशी पोरांसाठी

धुळ्या-जळगावात एमएस करताना लिव्हर ट्रान्सप्लांट पुस्तकातच भेटतं. मुंबई-पुण्यात फेलोशिपला आलात की कोणीतरी हमखास विचारणार, "पिगीबॅक चांगली की कन्व्हेन्शनल?" पिगीबॅक म्हणजे रुग्णाची व्हेना काव्हा (खालून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) जागेवर ठेवून नवं यकृत तिला जोडायचं; कन्व्हेन्शनल म्हणजे काव्हाचा यकृतामागचा भागही यकृतासोबत काढायचा. उत्तराची घाई करू नका. यकृत अख्खं की अर्धं, हे आधी विचारा.

जिवंत दात्याचा लोब, म्हणजे यकृताचा एक भाग, असेल तर निवडीला जागाच नाही. दात्याची व्हेना काव्हा दात्याकडेच राहते, म्हणजे रुग्णाची जपावीच लागते. आपल्याकडे बहुतेक ट्रान्सप्लांट असेच होतात. त्यामुळे काव्हावरच्या बारीक शिरा एकेक बांधत यकृत सोडवण्यावर हात बसवा. बाकी नंतर.

ब्रेनडेड दात्याच्या अख्ख्या यकृतात मात्र पर्याय असतो. सर्जन स्टार्झल यांनी 1963 मध्ये सुरू केलेल्या कन्व्हेन्शनल पद्धतीत काव्हाही यकृतासोबत निघते. काव्हा क्लॅम्प केली, म्हणजे चिमट्याने बंद केली, की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, बीपी कोसळतो, किडनीला झळ बसते. 1989 मध्ये सर्जन त्झाकिस यांनी पिगीबॅक मांडली, तिचा फायदा इथेच. पण यकृतातली ट्यूमरची गाठ काव्हाला चिकटली असेल तर जुनीच पद्धत बरी. तिला मागासलेली म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आता मला सगळ्यात जास्त छळलेला चकवा. पिगीबॅकमध्ये यकृतातून रक्त बाहेर पडायची वाट, म्हणजे आउटफ्लो. दोनच हिपॅटिक व्हेन्सचं (यकृतातून काव्हात रक्त नेणाऱ्या शिरांचं) तोंड जोडलं तर ते अरुंद पडू शकतं. म्हणून बरेच जण तिन्ही एकत्र करून रुंद तोंड घेतात, नाहीतर सर्जन बेल्घिती यांच्यासारखं काव्हाला काव्हा बाजूने जोडतात. टाके सुंदर पडतात, यकृत गुलाबी होतं, सगळे खूश. मग रिट्रॅक्टर (पोट उघडं धरणारं अवजार) निघतो, यकृत आपल्या जागी बसतं आणि शीर पिळते. शेतातली लॅटरल पिळली की पुढचं ठिबक बंद, तसंच. फक्त इथे रक्त यकृतात तुंबतं. यकृत फुगतं, कडक आणि निळसर होतं. डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) हिपॅटिक व्हेनची लाट सपाट होते. रिट्रॅक्टर सैल करून बघा, पोट शिवण्याआधी डॉप्लर करा, शिवल्यावर पुन्हा करा. कंटाळा केलात तर रात्री परत ओटीत याल.

दुप्पट वेगाने व्हिडिओ बघून हे येत नाही. नामवंत सरांच्या मागे तिसऱ्या रांगेत उभं राहण्यापेक्षा भूलतज्ज्ञांच्या बाजूला थांबा. क्लॅम्प लागल्यावर मॉनिटर काय सांगतो ते तिथे दिसतं. सुरुवातीला काहीच कळणार नाही, चालतं. लहान कॉलेजातून आलोय म्हणून दबू नका, सिव्हिलच्या रात्रपाळीत कमावलेला हात इथे उपयोगी पडतोच. बेंचवर, म्हणजे बाजूच्या टेबलावर, दात्याचं यकृत जोडण्यासाठी तयार होत असेल तेव्हा जेवायला मात्र जाऊ नका. हिपॅटिक व्हेन्सची तोंडं इतकी उघडी पुन्हा दिसत नाहीत.