शोधातून निसटणारी ‘शेतकऱ्यांची’ उत्तरे : माझा अनुभव

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांविषयी कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर व शिरोळ तालुक्यांत घेतलेल्या मुलाखतींचे विश्लेषण मी साध्या मजकुराच्या फाइली आणि नोटपॅड प्लस प्लस हा मजकूर-संपादक (संगणकावरील प्रणाली) वापरून केले. प्रत्येक उत्तर एका ओळीत ठेवून शेवटी चौकटी कंसात कोड, म्हणजे उत्तराचा विषय सांगणारे छोटे नाव, लिहिला, म्हणजे सर्व फाइलींत एकदम शोध घेतल्यावर त्या कोडची सारी उत्तरे गावाच्या फाइलीसह एकत्र दिसतात.

मात्र [शेतकऱ्यांचे कर्ज] हा कोड शोधला असता काही मुलाखती त्यात येतच नव्हत्या. याचे कारण असे, की ‘ऱ्य’ कळफलकानुसार दोन प्रकारे साठवला जातो : एक ‘ऱ’ला हलन्त देऊन, आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे न दिसणारे, शून्य रुंदीचे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे असतात; युनिकोड या अक्षरसंकेत-प्रणालीचे सामान्यीकरणही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धतही, त्यांना एक करत नाही.

मूळ फाइलींची प्रत राखून मी सर्वत्र दुसरा प्रकार शोधून तेथे पहिला बसवला, आणि ‘ऱ्ह’साठीही तेच केले. पूरग्रस्ताने तळमळीने सांगितलेले एकही वाक्य केवळ कळफलकाच्या भेदामुळे वगळले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून आता कोड पुन्हा टंकित न करता एकाच यादीतून नकलून घेतो.