चादरींचा कॅटलॉग वेबसाइटवर उलगडायचा, तर आधी काय तयार हवं

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्याकडे ६० पानी कॅटलॉगची जी पीडीएफ असते, ती बहुतेक वेळा छापखान्यासाठी बनवलेली असते: ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) फोटो, सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) रंग, कडेला कटिंगच्या खुणा. ती तशीच चढवू नका. डीटीपीवाल्याकडून वेबसाठी वेगळी प्रत मागून घ्या, आणि रंग आरजीबीतच (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीत) हवेत असं बजावून सांगा. सीएमवायके फोटोतले रंग ब्राउझर ढोबळमानाने बदलतो. पडद्यावर विटकरी दिसलेली चादर गाठोडं सोडल्यावर लालभडक निघाली, तर हुबळीचा व्यापारी माल परत पाठवणारच. साध्या पानाला १५० डीपीआय पुरे, म्हणजे ए-फोरला साधारण १२४० बाय १७५४ पिक्सेल. वीण जवळून दाखवायची असेल त्या पानांना मात्र २०० ठेवा, कारण गिऱ्हाईक तिथेच बोटांनी मोठं करून धागा बघतं.

मग अक्षरं तपासा. पीडीएफमधला ‘चादर’ हा शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे भलतीच चिन्हं उमटली तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात आहे आणि व्ह्यूअरमधला (वेबसाइटवर पीडीएफ दाखवणाऱ्या भागातला) शोध चालणार नाही. युनिकोड असला तरी रफार आणि पहिली वेलांटी पीडीएफमध्ये कधीकधी जागा बदलतात, त्यामुळे मराठी शब्दाच्या शोधावर भिस्त ठेवू नये. प्रत्येक डिझाइनला नंबर द्या आणि तो इंग्रजी आकड्यांत छापा. फोनवर माणूस तेच आकडे टाइप करतो.

फाइल तयार झाली की क्यूपीडीएफ या मोफत साधनाने ती लिनिअराइझ करा. त्यामुळे पहिल्या पानाला लागणारा भाग फाइलच्या सुरुवातीला येतो. पण सर्व्हर फाइल तुकड्यांत द्यायला तयार नसेल, तर पहिलं पान दिसलं तरी पुढे सगळी फाइल उतरतेच आणि गिऱ्हाइकाचा डेटा फुकट जातो. सर्व्हरच्या उत्तरात ‘ॲक्सेप्ट-रेंजेस: बाइट्स’ हे हेडर (फाइलीआधी येणारी माहितीची ओळ) आहे का बघा. तुकडा मागितल्यावर उत्तराचा कोड २०६ यायला हवा. २०० आला तर अख्खी फाइल येते आहे. इथे एक गोष्ट हमखास राहते: होस्टिंगवर सगळ्याच फाइलींना जीझिप (फाइल दाबून लहान करून पाठवणं) लावलेलं असतं. पीडीएफवर ते बंद करा, नाहीतर व्ह्यूअर तुकडे मागणंच सोडतो.

नुसती पीडीएफ आयफ्रेममध्ये (वेबपानात दुसरी फाइल दाखवणाऱ्या चौकटीत) टाकून भागत नाही. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ती पानात उघडेलच असं नाही आणि आयफोनवर अनेकदा पहिल्या पानावरच अडकते. म्हणून मोझिलाचा पीडीएफ डॉट जेएस हा व्ह्यूअर घ्या. तो अपाची २.० परवान्याखाली मोफत आहे. आवृत्ती ४.२.६७ किंवा नंतरचीच हवी, कारण त्याआधीच्या आवृत्त्यांत घातक पीडीएफमधून जावास्क्रिप्ट चालवता येईल अशी फट होती. ‘वेब’ आणि ‘बिल्ड’ हे दोन्ही फोल्डर एकाच डाउनलोडमधले ठेवा. वर्कर (पडद्यामागे पीडीएफ वाचणारी फाइल) एका आवृत्तीचा आणि मुख्य फाइल दुसरीची झाली की पान कोरं राहतं. नव्या आवृत्तीतल्या ‘एमजेएस’ फाइली सर्व्हरने जावास्क्रिप्ट म्हणूनच द्यायला हव्यात. प्रकार चुकला तर ब्राउझर त्या चालवतच नाही.

कॅटलॉग आणि व्ह्यूअर एकाच डोमेनवर असावेत. तयार व्ह्यूअर परक्या डोमेनची फाइल उघडत नाही. फाइलच्या नावात इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा नाही, आणि वर्ष हवंच. जुन्याच नावाने नवा कॅटलॉग चढवला तर कॅशमधला (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या प्रतीतला) जुना भाव कुणाला तरी दिसत राहतो.

आयफ्रेमला शीर्षक द्या आणि उंची पडद्याच्या ८० टक्के ठेवा. पूर्ण १०० दिली तर बोट व्ह्यूअरमध्येच अडकतं, पान खाली सरकवता येत नाही. पान चौकटीत दाखवू द्यायचं का हे सांगणारं ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ हेडर ‘डिनाय’ असेल तर ते ‘सेमओरिजिन’ करा. एखाद्या चादरीच्या लिंकला पानाचा क्रमांक जोडता येतो, पण मुखपृष्ठ पान १ धरलं जातं, छापील आकडा नाही. डाउनलोडचं बटण लपवल्याने फाइल सुरक्षित होत नाही, म्हणून घाऊक दरपत्रक या फाइलीत घालूच नका.

चाचणी ऑफिसच्या वायफायवर नको. ३ जीबी रॅमचा अँड्रॉइड फोन मोबाइल डेटावर घ्या, आणि संक्रांतीच्या सुमारास काम असेल तर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत होम मैदानाजवळ संध्याकाळी कॅटलॉग उघडा. मधलं एखादं पान उघडा, मोठं करा, फोन आडवा करा, मागे या. व्ह्यूअरच्या खाली पीडीएफची साधी लिंक फाइलच्या आकारासकट द्या. व्ह्यूअर रुसला तरी व्यापाऱ्याला कॅटलॉग मिळतो.