ह्यूस्टनकरांनो, पुराआधी पॉलिसीचं पहिलं पान उघडा

पाणी, टॉर्च, औषधं, पॉवर बँक, कोरडा खाऊ. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पुढे चला.

हरिकेनचा हंगाम १ जूनला सुरू होतो, पण तयारी एप्रिलमध्येच करायची. कारण पुराचा विमा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. सरकारी योजनेतला पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळ आखातात शिरल्यावर एजंटला फोन करू नका, तो काही करू शकत नाही. आता नीट वाचा: या विम्याचे दोन भाग असतात. घराच्या बांधकामाचा, जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, आणि सामानाचा, जास्तीत जास्त एक लाख. सामानाचा आपोआप मिळत नाही, मागून घ्यावा लागतो. कर्ज देणाऱ्या बँकेला भिंती शाबूत राहण्याशी मतलब, त्यामुळे सामानाचं कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. सोफा, गाद्या, कपडे, लॅपटॉप, साड्यांचं कपाट हे सगळं सामान. भाड्यानं राहता? मग नुसता सामानाचा घ्या, मिळतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'कंटेंट्स'पुढे आकडा आहे का, आजच बघा.

‘आमचं घर पूररेषेत नाही’ हे सांगू नका. २०१७ च्या हार्वे वादळात पाणी शिरलेली कितीतरी घरं पूररेषेबाहेरची होती.

नकाशावर जवळचा बायू (इथला संथ वाहणारा ओढा) तर बघाच, पण ॲडिक्स आणि बार्करही शोधा. १९३५ च्या पुरानंतर डाउनटाउन वाचवायला लष्कराच्या इंजिनिअरांनी १९४० च्या दशकात बांधलेली ही धरणं. एरवी कोरडी असतात, आत लोक सायकली चालवतात, म्हणून कुणाला ती धरणं वाटतच नाहीत. जलाशय पूर्ण भरला तर जेवढी जमीन बुडेल तेवढी सगळी सरकारनं घेतलीच नव्हती. उरलेल्या जमिनीवर वसाहती झाल्या, म्हणजे चक्क बुडीत क्षेत्रात. हार्वेत ती घरं फुगवट्यानं बुडाली, आणि २८ ऑगस्टला विसर्ग सुरू केल्यावर खालच्या अंगाला बफेलो बायूकाठची. तुम्ही वर आहात की खाली, हे आधी ठरवा. खाली असाल तर पाऊस थांबला म्हणून वर चढवलेलं सामान उतरवू नका. पाणी नंतर येतं. (आणि त्या सामानाचा विमा काढलात का?)

प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, फ्रीज-टीव्हीचे नंबर दिसतील असा. फोनमध्येच ठेवू नका, क्लाउडवर चढवा. सामानाची भरपाई घसारा वजा करून देतात, म्हणून बिलंही ठेवा.

गाडी उंच पार्किंगमध्ये. पूरविम्यात गाडी येत नाही, तिच्या विम्यात 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' हवं. अंडरपासमध्ये घालू नका. दोन फूट पाण्यात बहुतेक गाड्या तरंगतात. माळ्यावर कुऱ्हाड ठेवा. छप्पर फोडायला काही नसेल तर माळ्यावर चढूच नका, अडकाल.

काउंटीच्या पूरनियंत्रण विभागाची पाणीपातळीची साइट आत्ताच सेव्ह करा, रात्री शोधत बसाल.

ओसरल्यावर: आधी फोटो, मग भिजलेली ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे तक्ते) कापा, बुरशी दोन दिवसांत धरते. ठेकेदाराला सगळे पैसे आधी देऊ नका. दाव्याचा कागद ६० दिवसांत. सामानाची यादी त्यासोबतच जोडायची, पण सामानाचा विमा असेल तरच.